वाचून राहिले

माझं नाव समीक्षा. आईबापानं हौसेनं ठेवलं, आणि आता मी तोंड उघडलं की शाळेत म्हणतात, "झाली समीक्षा सुरू." म्हणोत बापडे. जिल्हा परिषदेच्या नोकरीत गप्प बसणाऱ्याचं भलं होतं, हे मलाही कळतं. कळून जमत नाही, त्याला काय करता.

आमची शाळा मुखेड तालुक्यात, एका आडगावी. गावाचं नाव सांगणार नाही. मुख्याध्यापक मल्लिकार्जुन सर अजून रिटायर व्हायचेत आणि माझी रजा त्यांच्याच सहीनं मंजूर होते. माणूस वाईट नाही. फक्त शाळेतली प्रत्येक वस्तू चार्ज घेताना जशी मिळाली तशीच पुढच्याच्या हवाली करायची, एवढंच त्यांचं आयुष्यातलं ध्येय आहे. विज्ञानाच्या पेटीतलं भिंग आमच्या पोरांनी आजवर कपाटाच्या काचेतूनच बघितलंय.

तर या शाळेत पुस्तकांची पेटी आली. पुण्याच्या एका संस्थेनं पाठवलेली फिरती पेटी. एका शाळेत थांबायचं, पोरांनी पुस्तकं वाचायची, वाचून झाली की पुढच्या शाळेला जायचं. प्रत्येक पुस्तकाच्या तोंडावर गोल सोनेरी चिठ्ठी डकवलेली, 'पुरस्कारप्राप्त'. पेटीवरही तेच, भल्यामोठ्या अक्षरात. जीपमधून उतरवताना पारावरच्या लोकांनी तेवढंच वाचलं आणि शाळेला पुरस्कार भेटला म्हणून गावभर झालं.

आमच्याकडं सत्काराला तसंही कारण लागत नाही. इथं तर कारण डकवूनच आलं होतं. सरपंच हार घेऊन आले, मागून शाल आली, नारळ आला, हलगी आली. शाल मल्लिकार्जुन सरांच्या खांद्यावर पडली. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सर, अहो सांगा त्यांना. पुरस्कार पुस्तकांना मिळालाय."

"पुस्तकं कुणाच्या ताब्यात हायत?" सर तोंडावरचं हसू न हलवता म्हणाले.

"तुमच्या."

"मंग झालं तर."

नारळ पेटीसमोरच फोडला. आम्ही बौद्ध, आमच्या घरी हा प्रकार नाही, पण म्हणून मी काही तिथून हलले नाही. पाणी पुस्तकांवर उडू नये म्हणून ओढणी आडवी धरून उभी राहिले. लोकांना वाटलं, बाई लई भाविक आहेत.

पेटीसोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'पुरस्कारप्राप्त बालसाहित्याचा शैक्षणिक साहित्य म्हणून वापर.' आता झेडपीच्या शाळेत साहित्य म्हणजे काय, तर तराजू, पृथ्वीचा गोल, मणी, नकाशे. त्यासाठी कपाट असतं आणि त्या कपाटावर 'साहित्य' असं लिहिलेलं असतं. सरांनी पत्र दोनदा वाचलं, पेटी पृथ्वीच्या गोलाखाली ठेवली आणि कुलूप घातलं. त्यांच्या मते आदेशाचं पालन झालं होतं.

मग आम्हाला नांदेडला प्रशिक्षणाला बोलावलं. संस्थेच्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या. गोड बाई, तळमळीची, कपाळाला आठी म्हणून नाही. त्यांनी पडद्यावर एका पुस्तकाचं चित्र दाखवलं. 'चिमीचं रेडकू'. चिमी नावाच्या पोरीच्या घरी म्हशीला रेडकू होतं, पोरगी त्याला जीव लावते, आणि बाप ते विकायचं ठरवतो. मॅडमनी विचारलं, "या पुस्तकाचा संसाधन म्हणून कसा उपयोग कराल?"

भराभर हात वर झाले. एक सर म्हणाले, वजाबाकी. चिमीच्या दावणीला जनावरं इतकी, रेडकू विकलं, बाकी किती? टाळ्या. एक बाई म्हणाल्या, जोडाक्षरं. आणखी कुणी पशुधन म्हणालं, कुणी समानार्थी शब्द म्हणालं. एका पुस्तकातून अर्धा अभ्यासक्रम निघाला. मी विचारलं, "मॅडम, नुसतं वाचलं तर चालेल का?"

"हो, हो, अर्थात," त्या म्हणाल्या. "पण उद्देश काय लिहाल?"

"पुढं काय होतं ते कळणं."

त्यांनी हातातला कागद वरून खालून बघितला. तसा उद्देश त्यात नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, मुखेडच्या बाई आल्यात वाटतं.

परत आल्यावर मी सरांशी भांडले. रोज थोडं थोडं भांडले, कारण एकदम भांडलं की ते बीपीची गोळी काढून दाखवतात. शेवटी शनिवारचा शेवटचा तास मिळाला. अटी अशा की पोरांनी साबणानं हात धुवायचे, उन्हात वाळवायचे, पानावर बोट टेकवायचं नाही, आणि तास संपेपर्यंत सर किल्ली घेऊन दारात उभे राहणार.

चौथीत पुनम नावाची मुलगी आहे. आप्पासाहेबांची लेक. आप्पासाहेब म्हणजे गावातला कष्टाळू शेतकरी, थोडी जमीन, दोन म्हशी, बोलणं मोजकं. लेक बापावर गेलेली. वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता. वाचायची अक्षर लावून लावून, आणि बोट टेकवायला बंदी म्हणून बोट ओळीच्या वर अधांतरी धरायची. पहिल्या शनिवारी तिनं 'चिमीचं रेडकू' उचललं आणि नंतर दर शनिवारी तेच. बाकीची पुस्तकं मी बसून वाचून काढली, पण ते एक काही माझ्या हाताला लागलं नाही, कारण तिच्या हातातून ते सुटत नव्हतं. एकदा मी म्हटलं, "पुनम, आण इकडं, पुढचं मी वाचून दाखवते."

तिनं पुस्तक छातीशी धरलं. "नको बाई. मी वाचून राहिले."

आमच्याकडं असंच बोलतात. जेवून राहिलो, येऊन राहिलो. म्हणजे काम चालू आहे, मधे बोलू नका. मी मधे बोलले नाही.

आता पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुमच्यापासून लपवून मी कुणाचं भलं करणार आहे? आप्पासाहेबांच्या म्हशीला हल्या झाला होता. हल्या म्हणजे नर. वगार झाली असती तर राहिली असती, उद्या दूध देईल म्हणून. हल्या काय देतो? ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कुणी जुंपतही नाही. अंगानं भरला की बाजार, आणि बाजारातून तो कुणाकडं जातो, हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. हा हल्या पुनमनं चिंधीनं दूध पाजून वाढवलेला. आप्पासाहेब घरात एकदा बोलून गेले होते की यंदा त्याला बाजाराला काढावा लागेल. आणि तेव्हाच शाळेत ही पेटी आली, पेटीत हे पुस्तक, आणि पुस्तकात हुबेहूब तिच्याच घरचं लिहिलेलं. पोरीनं मनाशी ठरवलं, चिमी काहीतरी करणार. ती जे करेल ते वाचायचं आणि तसंच्या तसं करायचं. पुण्यापासून नांदेडपर्यंत सगळे त्या पुस्तकाचा उपयोग शोधत होते. तो हिला एकटीला सापडला होता आणि तिनं तो कुणालाच सांगितला नव्हता.

पुस्तक संपत आलं होतं आणि एका शनिवारी मॅडम पाहणीला आल्या. सरांनी आदल्या दिवशी पोरांना तयार केलं. मॅडम काहीही विचारू देत, 'हाव' म्हणायचं नाही, 'होय मॅडम' म्हणायचं. 'न्हाई' तर मुळीच म्हणायचं नाही. मॅडम वर्गात आल्या, पोरांमध्ये मांडी घालून बसल्या, आणि पुनमच्या मांडीवरचं पुस्तक बघून त्यांचा चेहरा खुलला. "अगं बाई, हे तर माझं आवडतं. वाचलंस का तू?"

"होय मॅडम," पुनम म्हणाली. मग तिला ते खोटं वाटलं असावं. "वाचून राहिले."

"म्हणजे... वाचून झालं?" मॅडमनी सरांकडं बघितलं.

मल्लिकार्जुन सरांचा जन्म देगलूरचा, नोकरी सगळी याच भागातली. 'राहिले' म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण पेटी एक पान न फाटता शाळेबाहेर जाण्याची वेळ समोरून चालत आली होती. "झालं की," ते म्हणाले. "सगळ्यांचंच झालं."

"मॅडम, नाही झालं," मी म्हटलं. "राहिले म्हणजे अजून चालू आहे. एक शनिवार द्या, पोरीचं होतच आलंय."

"समीक्षाबाईंचं असंच असतंय," सर हसत म्हणाले. "त्यांना पेटी सोडवंना झालीय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्षिकेला पुस्तकांचा एवढा लळा त्यांनी कुठंच बघितला नव्हता म्हणे. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि पुढच्या शाळेतली मुलंही वाट बघतायत हे मला लहान मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं. मी चिडले की माझा आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजातलं खरं कुणी ऐकत नाही. ते पुस्तक पुनमच्या मांडीवरून मॅडमनी स्वतःच्या हातानं उचललं. पेटी मॅडमच्या जीपमधून गेली. सरांनी कपाट उघडून रिकामी जागा फडक्यानं पुसली.

त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, खोटं कशाला बोलू. सरांचा राग आला, मॅडमच्या तळमळीचा त्याहून जास्त आला. सोमवारी शाळेत पुनमनं एवढंच विचारलं, "बाई, पेटी कुठं भेटंल?"

लगेच निरोप आला, आमच्या शाळेला 'आदर्श वाचन शाळा' म्हणून सन्मान. आता खरोखरचा. नांदेडला कार्यक्रम, आणि उत्कृष्ट वाचक म्हणून एक विद्यार्थी सोबत आणायचा. मॅडमनी नाव सुचवलं होतं, ती रेडकूवाली गोड मुलगी. मी पुनमला सांगितलं, तर तिनं उलट विचारलं, "पेटी तिथं असंल का?"

"असेल. प्रदर्शनात मांडणार आहेत."

"मंग येते."

कार्यक्रमाचा दिवस नेमका मुखेडच्या बाजाराचा. आप्पासाहेबांनी लेकीला माझ्या हवाली केलं, म्हणाले, "मला बाजार हाय मॅडम, न्हाई तर आलो असतो." बाजार सगळ्यांनाच असतो. मी मान हलवली. सर आदल्या दिवशीच कुणाच्या तरी गाडीतून गेले होते, म्हणून आम्ही दोघी एसटीनं निघालो. पुनम खिडकीशी बसून सारखी विचारत होती, आपण परत कधी येऊ. मला वाटलं, पोरगी पहिल्यांदाच घरापासून लांब निघालीय.

हॉलमध्ये पुस्तकं टेबलावर मांडली होती. मधोमध झेंडूचा हार, समोर पाटी, 'कृपया हात लावू नये'. पुनम सरळ टेबलाकडं गेली आणि एका स्वयंसेवकानं तिला तितक्याच सरळ परत आणून खुर्चीवर बसवलं. भाषणं झाली. पुस्तकं मुलांच्या हातात गेली पाहिजेत, असं प्रत्येक वक्ता म्हणाला. मग पुनमचं नाव पुकारलं. तिला फेटा बांधला, सन्मानचिन्ह दिलं, आणि मॅडम माईकवर म्हणाल्या, "बाळा, आम्हाला चिमीची गोष्ट सांग ना. तुझ्या भाषेत."

मला वाटलं, पोरीचं तोंड उघडणार नाही. पण ती बोलली. अशी बोलली की मी ऐकतच राहिले. रेडकू कसं जन्मलं, कसं धडपडत उभं राहिलं, त्याच्या कपाळावरचा भोवरा, त्याला ताक कसं आवडायचं, सगळं. त्यातलं निम्मं पुस्तकात नव्हतं, हे नंतर कळलं. मग ती म्हणाली, "मंग एक माणूस आला. त्यानं रेडकूचं दावं हातात घेतलं."

ती थांबली.

"आणि मग?" मॅडमनी विचारलं.

"मंग पेटी गेली," पुनम म्हणाली.

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. नंतर अध्यक्षांनी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. अध्यक्ष माईक ओढून म्हणाले, शेवट वाचकावर सोडण्याची ही जाण मोठ्या लेखकांनाही नसते. मॅडम रुमालानं डोळे टिपत होत्या. मल्लिकार्जुन सरांनी फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. त्या सगळ्या शहाण्यांत एकालाही वाटलं नाही की पोरीला पुढचं पान द्यावं. पुनम खाली आली आणि मला म्हणाली, "बाई, टाळ्या कशाला वाजवल्या? गोष्ट झालीच न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक जेवणाकडं वळले तशी मी टेबलाशी गेले, हार बाजूला केला, 'चिमीचं रेडकू' उचललं आणि पिशवीत टाकलं. स्वयंसेवक बघत होता. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पाण्याचे ग्लास भरायला निघून गेला. चोरी म्हणायची असेल तर म्हणा. मग पोरीचा हात धरून स्टँड गाठलं.

गाडीत जागा मिळाली. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. "टेकव बोट. बिनधास्त टेकव."

तिनं पान शोधलं आणि वाचायला लागली. तोंडानं, अक्षर लावत, कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी मान वर न करता. मी पण तिच्या बोटामागं वाचत होते. माणसानं दावं धरलंय. चिमी रेडकू घेऊन पळून गेली नाही. तिनं त्याला कुठं लपवलं नाही. कुणी देवमाणूस वाटेत भेटला नाही. चिमी बापासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, नका ना विकू." बाबांनी तिच्याकडं बघितलं. मग त्या माणसाच्या हातातलं दावं परत घेतलं. खाली चित्र, म्हैस, रेडकू, चिमी. संपलं.

पुनमनं पान उलटलं. मागं कोरं होतं. तिनं ते बोटांनी चोळून बघितलं, दोन पानं चिकटलीत की काय म्हणून.

"एवढंच?" ती म्हणाली. "नुसतं म्हणायचं होतं?"

"का गं? तुला काय वाटलं होतं?"

"काहीतर युक्ती असंल वाटलं."

आणि मग तिनं सांगितलं. हल्या, चिंधी, ताक, कपाळावरचा भोवरा, बाबाचा आजचा बाजार, सगळं एका दमात. मी ऐकता ऐकता पर्समधून फोन काढला आणि आप्पासाहेबांना लावला. रिंग जात होती. परत लावला. बाजाराच्या गलक्यात खिशातला फोन कुणाला ऐकू येतो? मी ड्रायव्हरला जाऊन म्हटलं, जरा दाबा ना गाडी. तो म्हणाला, मॅडम, एसटी हाय ही. जागेवर येऊन बसले तेव्हा पुनम तेच पान परत वाचत होती.

मुखेडच्या स्टँडवर आप्पासाहेब आमची वाट बघत उभे होते. एका हातात लेकीसाठी भज्यांचा पुडा, खांद्यावर रिकामं दावं. सन्मानचिन्ह बघून त्यांचा चेहरा उजळला. ते हात पुढं करणार, एवढ्यात पुनम जाऊन समोर उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणावी तसं सरळ म्हणाली, "बाबा, नका ना विकू."

आप्पासाहेबांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चिडायला तोंड उघडलं होतं, पण चिडायला तिथं होतं कोण?

"आगं, आत्ताच गेला की त्यो टेम्पोत," ते म्हणाले. हातातला पुडा उगाच या हातातून त्या हातात घेतला. "एका शब्दानं बोलायचं न्हवतं व्हय? मी दुपार कलेपस्तोर त्याला दावणीचा सोडलाच न्हवता. म्हनलं, घरातलं कुणीतर नको म्हनंल. कुणीच बोलंना. मला वाटलं, मलाच एकट्याला त्याची माया हाय."

गावाची गाडी लागली होती. पुनमनं त्यांच्या खांद्यावरचं दावं काढून घेतलं, नीट गुंडाळलं, आणि आम्ही तिघं गाडीत चढलो.